दुसऱ्यासाठी धावणारीच्या पाठीशी कोण?



प्रत्येक गावात एक तरी बाई अशी असते, जिच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडते. कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, कुणाच्या म्हाताऱ्या सासऱ्याला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला नवऱ्यानं घराबाहेर काढलंय, कुणाचा निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत अडकलाय. अशा वेळी सगळ्यांना तिचीच आठवण होते. ती पदर खोचून निघते. गाव म्हणतं, "तिला हौसच आहे." पण ती निघाल्यावर तिच्या घरची चूल कुणी पेटवली? एसटीचं भाडं कुणाच्या पिशवीतून गेलं? त्या दिवसाची तिची मजुरी बुडाली, ती कुणी भरून दिली? हे प्रश्न गाव विचारत नाही. खरं सांगायचं तर आपले गटही नेहमी विचारत नाहीत.

मग दोन-चार वर्षं धावून ती बाई थकते. घरात कुरबुरी होतात. एक दिवस ती म्हणते, "आता मला सांगू नका." आणि आपण म्हणतो, "बदलली हो ती." ती बदलत नाही, मैत्रिणींनो. तिला एकटीला ओझं झेपत नाही, एवढंच असतं.

म्हणून आजच्या भाषणात आम्ही इतिहासाकडे वळलो आहोत. महाराष्ट्रात दुसऱ्यासाठी झटणाऱ्या संस्था आणि मंडळं शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहेत. त्यांतल्या थोर माणसांची नावं आपल्याला पाठ आहेत. पण त्या कामाचा भार घरात कुणी उचलला आणि काम करणाऱ्यांना कुणी सांभाळलं, हे आपल्याला फारसं कुणी सांगितलेलं नाही. आज तेवढंच बघू. तीन ठिकाणी जाऊ: पुण्याजवळचं हिंगणं, सातारा आणि जामखेड.

हिंगण्याची झोपडी आणि पुण्यातलं घर

धोंडो केशव कर्वे, म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्वे, कोकणातल्या मुरुडचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत. पहिली पत्नी वारल्यावर 1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवा तरुणीशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं, पण सगळे त्यांना 'बाया कर्वे' म्हणत. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या लोकांनी अण्णासाहेबांना वाळीत टाकलं होतं.

1896 साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. त्या काळी दहा-बारा वर्षांच्या मुलीही विधवा व्हायच्या. त्यांचं केशवपन व्हायचं आणि उरलेला जन्म घराच्या कोपऱ्यात जायचा. अशा मुलींना राहायला जागा द्यावी, शिकवावं, पायावर उभं करावं, हे मंडळीचं काम. पुढं पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. तेव्हा 1900 साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला 750 रुपये दिले. आजूबाजूला माळरान होतं, धड रस्ता नव्हता. अण्णासाहेब दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला जायचे.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. आता घरातली बाजू ऐका.

आश्रम सुरू करताना अण्णासाहेबांनी साठवलेले पैसे त्यात घातले. आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. बायांच्या पदरात लहान मुलं. त्या स्वतः एकदा वैधव्य भोगलेल्या. नवऱ्यामागं बाईचे काय हाल होतात, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. विम्याची रक्कम हा त्यांना एकच आधार होता, तोही गेला. त्या रागावल्या, दुखावल्या. आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही. जी बाई एकदा निराधार झाली आहे, ती पुन्हा निराधार व्हायला घाबरणारच.

दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. पुनर्विवाहाला तेव्हा लोकांचा कडक विरोध होता. आश्रमात मुलींचे पुनर्विवाह लावतात, असा बोभाटा झाला असता तर आईबापांनी मुली पाठवल्या नसत्या आणि देणगीदारांनी हात आखडता घेतला असता. म्हणून आश्रमाचं काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळं ठेवलं गेलं. त्याचा परिणाम असा झाला, की विधवांसाठी काढलेल्या आश्रमात, पुनर्विवाह केलेल्या बायांनाच मोकळेपणानं वावरता येईना. नवऱ्याचं सगळं लक्ष हिंगण्यात आणि त्या मुलांना घेऊन पुण्यात. संसाराची ओढाताण मात्र त्यांच्याच वाट्याला.

पण बाया रडत बसल्या नाहीत. त्या नागपूरला जाऊन सुईणीचं काम शिकल्या. उद्या काही झालं तर आपल्या हातात आपलं कसब असावं, हा त्यामागचा विचार. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्या 1944 साली 'माझे पुराण' या नावानं छापून आल्या. नवऱ्याविषयीचा आदर आणि संसारातली ओढाताण, दोन्ही त्यात आहेत. आम्हाला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं, कारण संस्थेच्या इतिहासातली घरातली बाजू एका बाईनं स्वतः सांगून ठेवली आहे.

आता त्यांच्या बहिणीचं बघा. पार्वतीबाई आठवले. त्याही तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. त्या पुण्याला बहिणीकडे आल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या आणि पुढं आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करू लागल्या. विचार करा, केशवपन केलेली विधवा, जिचं तोंड बघणं लोक अशुभ मानायचे, ती चार माणसांत उभी राहून बोलते आणि पैसे मागते! अनेक वर्षं त्यांनी डोईवरचा पदर आणि विधवेचा वेश तसाच ठेवला होता. पुढं स्वतःच्या मनानं त्यांनी केशवपन सोडलं. 1918 साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी नीट येत नव्हतं. तिथं लोकांच्या घरची कामं करून त्या राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी पैसे जमवले आणि 1920 साली परत आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र.

दोघी सख्ख्या बहिणी. एक आश्रमाबाहेर, एक आश्रमात. दोघींनी कष्ट सारखेच केले. पण पार्वतीबाईंच्या मागं संस्था उभी होती. राहायला जागा, करायला काम, सोबतीला बायका आणि 'ही आमची' म्हणणारी मंडळी होती. बायांना हे सगळं फार कमी मिळालं. म्हणून एकीचं जीवन फुलत गेलं आणि दुसरीला आपली वाट एकटीनं काढावी लागली.

अण्णासाहेबांनाही पुढं हा प्रश्न जाणवला असावा. एकट्यादुकट्याच्या त्यागावर संस्था चालत नाही. 1908 साली त्यांनी निष्काम कर्म मठ काढला. आश्रमासाठी आणि महिला विद्यालयासाठी आयुष्यभर काम करणारी माणसं तयार करायची, हा त्याचा हेतू. त्यात पुरुष होते तशा बायकाही होत्या. काम करणाऱ्यानं आपलं आयुष्य संस्थेला द्यायचं आणि संस्थेनं त्याच्या पोटापाण्याकडे बघायचं. नाव 'निष्काम', म्हणजे फळाची आशा न धरता केलेलं काम. पण फळाची आशा नसली तरी भाकरीची सोय लागतेच. एवढं कळलं, की संस्था टिकते. हिंगण्याच्या त्या झोपडीतून वाढलेली संस्था आजही चालू आहे.

साताऱ्याचं मंगळसूत्र आणि मूठभर धान्य

हिंगण्याहून आता साताऱ्याला जाऊ. तिथं हाच प्रश्न एका वेगळ्या घरात उभा राहिला, पण तिथल्या लोकांनी त्यावर गावाला परवडेल असा उपाय काढला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह, म्हणजे बोर्डिंग, सुरू केलं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातिधर्मांची गरीब पोरं तिथं एकत्र राहायची आणि एका पंगतीत जेवायची. 1927 साली महात्मा गांधी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं.

या पोरांना रांधून घालायचं काम कुणी केलं? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्या सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या. सगळ्या जातींची पोरं घरात वाढवायची, हे त्यांना पहिल्या दिवशी सोपं गेलं नसणार. पण त्या पोरांच्या आई झाल्या. आजारी पोराच्या उशाशी बसल्या. भाऊराव देणग्यांसाठी गावोगाव फिरायचे आणि इकडे कोठीतलं धान्य संपायचं. लक्ष्मीबाईंनी एकेक करून अंगावरचे दागिने पोरांच्या जेवणासाठी दिले. शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. 1930 साली त्या वारल्या.

ही गोष्ट सांगताना आपल्याकडे सगळ्यांचे डोळे भरून येतात. आमचेही येतात. पण डोळे पुसल्यावर आम्हाला एक प्रश्न पडतो. मंगळसूत्र विकायची वेळ एका बाईवर का यावी? पन्नास घरांनी मिळून ते ओझं आधीच वाटून घेतलं असतं तर?

आणि साताऱ्याकडच्या लोकांनी पुढं तेच केलं. त्याला मुष्टिफंड म्हणतात. घरातल्या बाईनं रोजच्या दळणातलं, रांधायच्या धान्यातलं मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं. मडकं भरलं, की वसतिगृहाची पोरं येऊन ते घेऊन जायची. एका मुठीनं कुणाच्या घरात उपास पडत नाही, पण शंभर घरच्या मुठींतून पोरांची पंगत उठते. यात आणखी एक खुबी आहे. सोनं श्रीमंताच्याच घरी असतं, पण मूठभर ज्वारी गरिबाच्या घरीही निघते. म्हणून जी बाई कधी देणगीदार म्हणून मिरवली नसती, तिलाही वाटायला लागलं, की हे बोर्डिंग माझं आहे. पोरंही नुसती आयती खात नव्हती. शेतात, बांधकामावर राबून शिकत होती. 'कमवा आणि शिका' ही रयतची ओळख तिथूनच झाली.

मंगळसूत्र एकदाच देता येतं, मूठ रोज देता येते. गटाचं गणित हेच आहे. आपण आठवड्याला वीस-पन्नास रुपये टाकतो, ते याच मडक्याचं नवं रूप.

जामखेडची वाकळ

मूठभर धान्यानं पोटाची सोय झाली. पण दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या बाईला धान्याहून आणखी काहीतरी लागतं. तिला धीर लागतो, शिकणं लागतं, सोबत लागते. त्यासाठी आपण जामखेडला जाऊ.

तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. जामखेड तालुका कायम दुष्काळी. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर नवरा-बायको तिथं आले आणि ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यात राहायला शिकलेल्या नर्सबाई तयार होईनात, झाल्या तरी गावातल्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करीनात. तेव्हा त्यांनी ठरवलं, की गावानं आपल्यातलीच एक बाई निवडावी आणि तिलाच शिकवावं. या निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या. कितीतरी दलित होत्या, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या, कुणी मोलमजुरी करणाऱ्या. बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणं, हे सगळं त्या शिकल्या. पाटीवर नाही, तर बघून, करून आणि पुन्हापुन्हा म्हणून.

या बायकांना सांभाळलं कसं, ते लक्ष देऊन ऐका. आमच्या मते जामखेडचं खरं मर्म तिथंच आहे.

पहिलं म्हणजे, एकदा शिकवून त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या. गेल्या आठवड्यात गावात काय घडलं, काय जमलं, कुठं अडलं, हे एकमेकींना सांगायच्या. नवीन काही शिकून परत जायच्या.

दुसरं, सुरुवातीला वरच्या जातीच्या बायका खालच्या म्हटल्या जाणाऱ्या बायकांबरोबर जेवायला कचरायच्या. तिथं स्वयंपाक एकत्र, जेवण एकत्र. झोपायला मोठमोठ्या वाकळी शिवल्या, एकीत कितीतरी जणी मावतील अशा. थंडीच्या रात्री एका वाकळीत शेजारी शेजारी झोपलेल्या बायकांमध्ये शिवाशिव किती दिवस टिकणार?

तिसरं, दवाखान्याचं फिरतं पथक गावात यायचं आणि गावातल्या आरोग्यसेविकेच्या बरोबरीनं घरोघर जायचं. डॉक्टर तिचं ऐकतात, तिला विचारतात, हे गावाला दिसायचं. त्यामुळं "हिला काय कळतंय" म्हणणारी तोंडं बंद झाली. काम करणाऱ्या बाईला चार लोकांत मान देणं हीसुद्धा मदतच असते.

चौथं, तिच्या पोटाचा विचार केला. नुसत्या मानधनावर तिला अवलंबून ठेवलं नाही. शेळ्या, कोंबड्या, बांगड्या किंवा भाजी विकणं, असे छोटे धंदे करायला तिला कर्ज मिळू लागलं. चार पैसे स्वतःचे आले, की घरातही तिचा शब्द चालतो आणि दुसऱ्याच्या मदतीला जाताना कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

पाचवं, गावात महिला मंडळ उभं राहिलं. एका बाईनं सांगितलं तर लोक हसतात, तीस बायकांनी सांगितलं तर ग्रामपंचायत ऐकते. आरोग्यसेविकेच्या मागं मंडळ उभं राहिलं आणि मंडळाला तिचं ज्ञान मिळालं.

1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 साली जामखेडची एक आरोग्यसेविका अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या सभेत बोलली. सभागृहात झुंबर लखलखत होतं. तिनं जवळचे छोटे दिवे काढून दाखवले आणि सांगितलं ते असं: तुमचं झुंबर छान आहे पण महागडं आहे, आणि त्याचा उजेड तिथंच राहतो, आमचा दिवा साधा आहे, पण एकावरून दुसरा लागतो, दुसऱ्यावरून तिसरा. ही जामखेडची रीत तिनं जगाला दोन वाक्यांत समजावली.

आमचं म्हणणं एवढंच, की त्या दिव्यांना तेल घालायची सोय जामखेडनं केली होती. ती नसती तर पहिला दिवा दुसरा लागायच्या आतच विझला असता.

आपल्या गटासाठी

मैत्रिणींनो, या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, की एक दिसतं. दुसऱ्यासाठी झटणारी माणसं महाराष्ट्रात कधीच कमी नव्हती. फरक पडला तो त्यांना सांभाळण्यात. जिथं सगळं एका घरावर पडलं, तिथं विमा गेला, मंगळसूत्र गेलं. जिथं भार वाटला गेला, तिथं काम पुढच्या पिढीपर्यंत पोचलं.

त्यावरून आम्ही आमच्या गटासाठी चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या बैठकीतही त्या बोलून बघा.

एक, धावायची पाळी लावायची. रात्रीची हाक आली तर या महिन्यात कोण, पुढच्या महिन्यात कोण, हे वहीत लिहून ठेवायचं. आणि एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं.

दोन, गटाच्या पैशातून थोडी रक्कम प्रवासभाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी बाजूला काढायची. ही भीक नाही, कर्जही नाही. हे मुष्टीचं मडकं आहे. हिशेब मात्र दर बैठकीत मोठ्यानं वाचायचा. त्यानं कुणाच्या मनात संशय राहत नाही.

तीन, जी दुसऱ्याच्या घरी गेली आहे, तिच्या घरी त्या वेळी कुणीतरी जायचं. पोरांना जेवू घालायचं, गुरांना वैरण टाकायची. सासूबाईंशी दोन शब्द बोलायचे, "मावशी, तुमची सून आज एका लेकराचा जीव वाचवायला गेलीय." घरच्यांचा राग त्यानं निम्मा होतो.

चार, महिन्यातून एकदा बैठकीत हप्ता आणि व्याज बाजूला ठेवून फक्त विचारायचं: "या महिन्यात कुणाला काय जड गेलं?" ज्या बाईनं दुसऱ्याचं दुःख बघितलंय, तिला ते कुठंतरी उतरवून ठेवावं लागतं. जामखेडच्या बायका वाकळीत पडून तेच तर करत होत्या.

आणि बाया कर्व्यांची आठवण ठेवायची. गटातली एखादी म्हणाली, की "मला आता जमत नाही, माझ्या लेकरांचं मला बघायचंय", तर तिला स्वार्थी म्हणायचं नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं थोडं आपल्या डोक्यावर घ्यायचं आणि तिला बसायला जागा द्यायची. विसावली, की ती परत उठेल. नाही उठली तरी ती आपल्या गटातलीच आहे.

पुढच्या बैठकीला हे भाषण मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आधी बोलू द्या. गावात आज कुणाच्या दारावर सगळ्यांत जास्त थापा पडतात, तिचं नाव घ्या आणि तिच्या पाळीत पुढची कोण, हे त्याच बैठकीत लिहून टाका.